उगमावर ठेवलेले बोट

माझे गाव मोडनिंब. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात, पुणे-सोलापूर रस्त्यावर ते वसले आहे. कुर्डुवाडीहून पंढरपुरास जाणारा लोहमार्गही आमच्या गावावरूनच जातो. बार्शी लाईट रेल्वे कंपनीची अडीच फुटी गाडी १९०६ साली पंढरपुरापर्यंत पोहोचली आणि पुढे कित्येक वर्षे ती वारकऱ्यांची वाहतूक करीत होती. आता तो मार्ग रुंद झाला आहे. माझ्या लहानपणी मात्र ती छोटी गाडीच धावत असे. दूर शिटी वाजली की फलाटावरील म्हातारी माणसे एकमेकांस विचारीत, "ही आली ती कुर्डुवाडीहून, का पंढरपुराहून?" गाडी आली हे तर सर्वांस ऐकू आलेच होते. प्रश्न होता तो उगमाचा. कारण गाडी कोठून आली हे कळले, की ती कोठे जाणार हेही कळे आणि गाठोडे उचलावयाचे की नाही, हे ठरे.

या साध्या प्रश्नातील वाक्यरचनेकडे माझे लक्ष जावयास मला चाळीस वर्षे लागली. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, पुढे अध्यापनाची पदविका घेऊन शाळामास्तर झालेला एक सामान्य मनुष्य आहे. पंडित म्हणून मी आपणांपुढे आलेलो नाही. मुलांना इंग्रजी आणि मराठी शिकविताना एका विशिष्ट वाक्याने मला आयुष्यभर सतावले. एकदा तर त्याने माझ्या हातून एका गरीब माणसाचे नुकसान करविले. त्या वाक्याची हकीकत आज सांगण्याचे योजिले आहे.

ते वाक्य असे : 'इट वॉज फ्रॉम माय मदर दॅट आय लर्न्ट धिस.' वर्गात हे वाक्य फळ्यावर लिहिले, की हुशार मुलगा चटकन भाषांतर करी, "ते माझ्या आईपासून होते की मी हे शिकलो." शब्दास शब्द बरोबर आणि वाक्य मात्र मराठीच नव्हे! मी ते खोडून 'मी हे माझ्या आईपासून शिकलो' असे लिही. हे मराठी तर खरे, परंतु मूळ वाक्यातील जोर त्यात नाहीसा होई. इंग्रजी बोलणाऱ्यास 'आईपासून' यावर बोट ठेवावयाचे होते. वडिलांपासून नव्हे, गुरूपासून नव्हे, आईपासून. माझ्या भाषांतरात बोट उचलले गेले आणि नुसते विधान उरले.

या रचनेस ऑटो येस्पर्सन या डॅनिश भाषापंडिताने १९३७ साली 'क्लेफ्ट सेन्टेन्स' असे नाव दिले. क्लेफ्ट म्हणजे चिरलेले, दुभंगलेले. एका सरळ वाक्याची दोन शकले करावयाची, ज्यावर भर द्यावयाचा ते पहिल्या शकलात 'इट वॉज' च्या मागे बसवावयाचे आणि उरलेले 'दॅट' ला जोडून द्यावयाचे. असा खटाटोप इंग्रजीला का करावा लागला? याचे उत्तर त्या भाषेच्या इतिहासात आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना विभक्तीचे प्रत्यय होते, आणि त्यामुळे शब्द वाक्यात बऱ्याच मोकळेपणाने फिरू शकत. पुढील काही शतकांत ते प्रत्यय झिजून गेले. मग कर्ता कोण आणि कर्म कोणते, हे शब्दाच्या स्थानावरूनच ओळखणे भाग पडले. शब्द जणू जागच्या जागी खिळले गेले. ज्या भाषेत शब्द हलविता येत नाही, तिने तो उचलून दाखविण्यासाठी वाक्यच चिरावे, हे स्वाभाविक होय. शेजारच्या फ्रेंच भाषेनेही 'से ... क' अशी तशीच युक्ती काढली आहे. आयर्लंडच्या मूळ भाषेत तर भर द्यावयाचा शब्द आरंभीच मांडण्याची चाल फार जुनी आहे. त्यामुळे तेथील लोक इंग्रजी बोलतानाही, 'तुम्ही कॉर्कचे का?' असे विचारावयाचे तर 'इज इट फ्रॉम कॉर्क यू आर?' असे विचारतात. माणसाचे मूळ गाव विचारण्याची ही रीत ऐकली, की मला आमच्या फलाटावरील म्हातारे आठवतात.

आता आपल्या घराकडे वळू. उगम, म्हणजे जेथून काही निघते ते स्थान, याचा विचार आपल्याकडे फार प्राचीन काळी झाला आहे. पाणिनीने अपादान हे कारक सांगितले. एखादी वस्तू दुसरीपासून दूर होते तेव्हा जे स्थिर राहते ते अपादान, असा त्याचा मथितार्थ आहे. झाडावरून पान पडते. पान हलते आणि झाड राहते. परंतु पाणिनी येथेच थांबला नाही. ज्याच्यापासून भय वाटते तो, ज्याच्याकडून विद्या घ्यावयाची तो गुरू, ज्यातून वस्तू जन्मास येते ते मूळ द्रव्य आणि जेथून नदी प्रकट होते ते स्थान, या सर्वांस त्याने अपादानात निरनिराळी सूत्रे करून जागा दिली. आमच्या पंढरपुरास वळण घेऊन चंद्रभागा म्हणविणारी भीमा निघते ती भीमाशंकराच्या डोंगरातून, आणि शाळेतले पोर पाढे शिकते ते गुरुजींकडून. दोन्ही ठिकाणी 'पासून होणे' आहे. पण नदी डोंगर सोडून जाते आणि विद्या दिल्याने गुरूची विद्या उणी होत नाही, हा भेद त्या सूक्ष्म बुद्धीस दिसला होता.

मराठीने हा भेद प्रत्ययांत आणि शब्दयोगी अव्ययांत जपून ठेवला आहे. इंग्रजीत बहुधा एकटा 'फ्रॉम' सर्व कामे करतो. आपण मात्र पाणी विहिरीतून काढतो, कौल छपरावरून पडते, चिठ्ठी मामांकडून येते, माणूस पुण्याहून येतो आणि ताप सकाळपासून असतो. उगमाचा उच्चार करताना तो कोणत्या जातीचा आहे, हे मराठी माणसास सांगावेच लागते. हे धन हाताशी असताना केवळ 'च्यापासून' या एकाच शब्दाने सर्व इंग्रजी वाक्ये उतरविण्याची खोड आम्हा मास्तरांनीच मुलांना लावली, हे मी कबूल करतो.

उगम सांगता येतो, पण त्यावर जोर कसा द्यावयाचा? त्यासाठी मराठीजवळ एक अक्षर आहे : 'च'. शालेय व्याकरणात 'च' हे शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणून एका ओळीत येते आणि जाते. पण त्याचे कुळ मोठे आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राने लिहिलेल्या प्राकृत व्याकरणात चेअ, चिअ, च्च ही अव्यये अवधारणार्थी, म्हणजे निश्चय दाखविणारी, म्हणून नोंदविली आहेत. १२९० च्या ज्ञानेश्वरीत हेच अव्यय 'चि' या रूपाने जागोजाग भेटते, आणि त्यातील इकार झिजून आजचा 'च' आपल्या तोंडी आला आहे. आमच्या सोलापूरच्या बाजारात तासभर उभे राहिले, तर या कामाची निरनिराळी हत्यारे ऐकावयास मिळतात. मराठी माणूस 'घरूनच' म्हणतो, हिंदी बोलणारा 'घर से ही' म्हणतो, गुजराती व्यापारी 'घरथी ज' म्हणतो, कानडी शेतकरी 'मनेयिंदले' म्हणतो आणि तेलुगू विणकर 'इंटि नुंचे' म्हणतो. आर्यकुळातील असो वा द्रविडकुळातील असो, वाक्य चिरण्याची गरज कोणासच पडत नाही. एक लहानसा शब्द किंवा प्रत्यय मागे चिकटविला की काम झाले.

हे ऐकून आपली भाषा किती सोयीची, असा अभिमान वाटणे साहजिक आहे. मलाही वाटला होता. परंतु जे हत्यार लहान असते ते हातातून निसटतेही लवकर. 'च' चे असेच आहे, आणि येथे मला माझी हकीकत सांगितली पाहिजे.

१९८० नंतरच्या एका उन्हाळ्यातील ही गोष्ट. मी नुकताच नोकरीस लागलो होतो. गावात इंग्रजी लिहिणारी माणसे थोडी असल्यामुळे अर्ज लिहून घेण्यास लोक माझ्याकडे येत, आणि मला त्याचा थोडा गर्वही होता. एका शेतकऱ्याने विहीर पाडावयास घेतली होती. एका कचेरीकडून त्यासाठी रक्कम हप्त्याहप्त्याने मिळावयाची होती. मात्र स्वतःच्या वाट्याचा पैसा आपण कोठून उभा केला, हे त्याने लेखी कळवावे असा हुकूम आला होता. त्याने सावकाराकडून कर्ज काढले असावे, असा तेथील कोणास संशय होता. तो माझ्यापुढे बसून म्हणाला, "सावकाराचं नाव नका घेऊ गुरुजी. पैसं मेव्हण्याकडनंच आणल्यात." मी मोठ्या ऐटीत इंग्रजी वाक्य लिहिले. त्याचा अर्थ असा होता, की 'मी पैसे केवळ माझ्या मेहुण्याकडून आणले.' 'केवळ' साठी मी 'ओन्ली' हा शब्द घातला. 'च' म्हणजे 'ओन्ली', असे मी शाळेत शिकलो होतो आणि शाळेत शिकवीतही होतो.

पुढे चौकशी झाली. त्याने चुलत्याकडूनही थोडी रक्कम उसनी घेतली होती, हे कागदावरून निघाले. रक्कम अगदी किरकोळ होती आणि ती लपविण्याचे त्यास काहीच कारण नव्हते. परंतु 'केवळ मेहुण्याकडून' असे सहीनिशी लिहून दिलेले! निवेदन खोटे ठरले आणि पुढील हप्ता अडकला. चार परस खोल गेलेली विहीर तशीच राहिली. पावसाळा आला, काठ ढासळले आणि खड्ड्यात गाळ भरला. तो माणूस एके दिवशी शाळेच्या कुंपणाशी उभा राहून एवढेच म्हणाला, "गुरुजी, म्या आसं न्हवतं म्हनलं."

खरोखर, तो तसे म्हणालाच नव्हता. 'सावकाराकडून आणले का?' या प्रश्नास त्याचे ते उत्तर होते. त्याच्या 'च' ने सावकारास बाहेर काढले होते, चुलत्यास नव्हे. चुलत्याचा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

या 'च' चा विचार आपल्या पूर्वजांनी केला आहे, हे मला पुष्कळ उशिरा, निवृत्तीनंतरच्या वाचनात कळले. संस्कृतात 'च' चे काम 'एव' हा शब्द करतो. सातव्या शतकातील बौद्ध नैयायिक धर्मकीर्ती याने, आणि त्याच्यामागून इतर शास्त्रकारांनी, या एवकाराचे तीन प्रकार पाडले. 'शंख पांढराच असतो' असे म्हटले, तर शंखास पांढरेपणा नाही ही शंका दूर होते. जगात दुसरे काही पांढरे नाही, असे त्यातून निघत नाही. हा अयोगव्यवच्छेद. 'अर्जुनच धनुर्धर' असे म्हटले, तर त्या तोडीचा दुसरा कोणी नाही, असे निघते. हा अन्ययोगव्यवच्छेद. आणि 'कमळ निळे असतेच' असे म्हटले, तर निळे कमळ मुळी नसतेच ही समजूत दूर होते. सर्व कमळे निळी, असे ठरत नाही. हा अत्यंतायोगव्यवच्छेद. नावे अवघड आहेत, पण तत्त्व सोपे आहे. 'च' विशेषणास लागला, नामास लागला किंवा क्रियापदास लागला, तर तो निरनिराळी गोष्ट नाकारतो. म्हणून 'च' ऐकला, की तो काय नाकारतो आहे, हे आधी पाहिले पाहिजे. माझ्या शेतकऱ्याचा 'च' दुसऱ्या जातीचा, पण त्यातील 'दुसरा' म्हणजे सारे जग नव्हे. ज्याच्याविषयी शंका घेतली गेली तेवढाच.

आता त्या चिरलेल्या इंग्रजी वाक्याची किंमत मला कळू लागली. 'इट वॉज फ्रॉम माय ब्रदर-इन-लॉ दॅट आय गॉट द मनी' असे मी लिहिले असते तर? पैसे मिळाले, ही गोष्ट दोन्ही पक्षांस मान्य आहे, ती वाक्याच्या दुसऱ्या शकलात गृहीत धरली जाते. वाद आहे तो उगमाचा, आणि तेवढ्यावरच पहिले शकल बोट ठेवते. अन्य कोणाकडून नव्हे, असा सूर त्यातही असतो. पण तो सूर असतो, शपथ नव्हे. 'ओन्ली' हा शब्द मात्र शपथेसारखा आहे. ज्या रचनेस मी परकी आणि वाकडी म्हणून वर्गात हिणवीत असे, तीच त्या दिवशी त्या माणसाची विहीर वाचवू शकली असती.

याहून आश्चर्याची गोष्ट पुढेच आहे. अशी रचना मराठीत नाही, असे मी समजत होतो. ती आमच्या फलाटावर रोज बोलली जात होती! 'गाडी आली ती कुर्डुवाडीहून.' 'मी हे शिकलो ते आईकडून.' 'पैसे आणले ते मेहुण्याकडून.' पाहा, आपणही वाक्याची दोन शकले करतो. इंग्रज जोराचे शकल आधी ठेवतो, आपण ठाऊक असलेले आधी सांगून टाकतो, 'तो, ती, ते' अशा सर्वनामाचा टेकू देतो आणि उगम शेवटी ठेवतो. या रचनेत 'च' नसल्यामुळे 'केवळ' चा घोळही होत नाही. वर्गातील त्या मुलाला 'ते आईपासून होते की' असे लिहिण्यापासून वाचविणारे वाक्य त्याच्या आजीच्या तोंडी होते. मी मात्र ते पुस्तकात शोधीत होतो.

उगमावर बोट ठेवताना इतिहास लिहिणारेही कसे घसरतात, याचे एक उदाहरण आपल्या व्याकरणाच्या इतिहासातूनच देतो. मी मुलांना सांगत असे, "मराठीचे छापील व्याकरण प्रथम आले ते बंगालमधून." विल्यम कॅरी हा इंग्रज मिशनरी मूळचा चांभारकाम करणारा. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तो भाषा शिकवी आणि श्रीरामपूर येथे त्याचा छापखाना होता. त्याचे मराठी व्याकरण तेथे १८०५ साली छापले गेले, आणि १८१० साली कोशही निघाला. महाराष्ट्राची भाषा, आणि तिचे व्याकरण हुगळीच्या काठी छापले गेले, ही गोष्ट मुलांना फार आवडे. परंतु पुढे वाचनात आले, की १७७८ साली रोम येथे पोर्तुगीज भाषेत लिहिलेले एक लहानसे मराठी व्याकरण छापले गेले होते. त्याही पूर्वी, १६४० साली, गोव्यातील रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स याचे कोकणीचे व्याकरण छापले गेले. तो १५७९ साली गोव्यास आलेला इंग्रज पाद्री, आणि मराठी 'क्रिस्तपुराणा'चा कर्ता. व्याकरण छापून निघाले तेव्हा तो हयात नव्हता.

मग माझे वाक्य खोटे होते काय? 'इंग्रजी अमदानीत आपल्या भाषेचे व्याकरण प्रथम कोठून आले?' या प्रश्नास ते खरे उत्तर होते. 'जगात प्रथम कोठे छापले गेले?' या प्रश्नास ते चुकीचे होते. शिवाय कॅरीवर बोट ठेवले, की त्याच्या शेजारी बसून साह्य करणारे पंडित वैजनाथ बोटाच्या सावलीत जातात. परक्याने लिहिलेल्या व्याकरणास मराठी सांगणारा कोणी तरी मराठी मनुष्यच असणार! पुढे १८३६ साली दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण आले आणि १९११ साली मोरो केशव दामले यांचा शास्त्रीय मराठी व्याकरणाचा मोठा ग्रंथ आला. त्यांनी इंग्रजी आणि संस्कृत, दोन्हीकडील विचार पारखून घेतला. एकाच उगमाचा आग्रह धरणाऱ्याने दामल्यांच्या ग्रंथाची जाडी एकदा हातात घेऊन पाहावी. नदीला एक उगम दाखविता येतो, पण तिच्यातील पाणी अनेक ओढ्यांचे असते.

तेव्हा, श्रोतेहो, सार एवढेच. उगमावर जोर देणारे प्रत्येक वाक्य हे कोणत्या तरी प्रश्नाचे उत्तर असते. इंग्रज ते वाक्य चिरून सांगो, कानडी मनुष्य प्रत्यय लावून सांगो की आपण 'च' लावून सांगो, त्यामागील प्रश्न बरोबर नेला नाही तर उत्तराचा अर्थ फिरतो. श्रेय देताना आणि दोष देताना आपण सर्वजण उगमच सांगत असतो. 'हे झाले ते अमक्यामुळेच', असे म्हणण्यापूर्वी आपला 'च' कोणास बाहेर ढकलतो आहे, हे क्षणभर पाहावे. शिक्षकांनी, अर्ज लिहिणारांनी आणि कचेरीत दुसऱ्याचे बोलणे टिपून घेणारांनी तर ते अवश्य पाहावे; कारण त्यांच्या लेखणीखाली बोलणाऱ्याची सही असते.

त्या शेतकऱ्याची विहीर पुढे दोन वर्षांनी पुरी झाली. तिला पाणीही लागले. पहिला पोहरा वर आला तेव्हा त्याने मला मुद्दाम बोलावून नेले आणि माझ्या ओंजळीत पाणी ओतले. झाल्या गोष्टीचा एक शब्दही त्याने काढला नाही. मी मात्र त्यानंतर शाळेत 'च' म्हणजे 'ओन्ली', असे कधी शिकविले नाही. हा धडा मला मिळाला तो कोणत्याही व्याकरणातून नव्हे. तो मिळाला त्या विहिरीवरून.